कोरियन टायपिंग: या चुका टाळा

सोलापुरातल्या कित्येक संगणकांवर मराठीच्या जोडीला कन्नड नाहीतर तेलुगू कीबोर्ड आधीच असतो. त्यात कोरियन आलं की कीबोर्ड बदलायला विंडोज-स्पेस दाबून दाबून बोट दुखतं. वापरात नसलेला कीबोर्ड आधी काढून टाका.

कोरियन घ्यायचं ते सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, अ‍ॅड अ लँग्वेज या वाटेने. इन्स्टॉल करण्याआधी ‘डिस्प्ले लँग्वेज’च्या चौकटीतली टिक काढा. ती राहिली, तर पुढच्या साइन-इनला सगळे मेनू कोरियन दिसतील.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार: कीबोर्ड कोरियन निवडला, तरी अक्षरं इंग्रजीच उमटतात. बिघाड काही नसतो. या कीबोर्डच्या पोटात इंग्रजी आणि हांगुल (कोरियन लिपी) असे दोन मोड आहेत. टास्कबारवर ‘ए’ दिसत असेल तर उजवा ऑल्ट दाबा किंवा त्या ‘ए’वर क्लिक करा. उजवा ऑल्ट दाद देत नसेल, तर कोरियनच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये हार्डवेअर लेआउट ‘१०१ की, टाइप ३’ करून संगणक रीस्टार्ट करा. मग शिफ्ट-स्पेसने मोड बदलतो.

दुसरी चूक मराठीच्या सवयीची. फोनेटिक मराठीत उच्चाराप्रमाणे स्पेलिंग मारतो, तसं इथे चालत नाही. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर बहुतेक उजव्या. ‘हाना’ (म्हणजे एक) लिहायला जी, के, एस, के. तिसऱ्या कळीला पडद्यावर ‘हान’ असा एकच ठोकळा दिसतो आणि नवशिका घाबरून बॅकस्पेस मारतो. थांबा. चौथी कळ दाबताच ‘न’ आपोआप पुढच्या ठोकळ्यात सरकतो. कोरियनमधल्या दुहेरी व्यंजनांसाठी क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी यांच्यासोबत शिफ्ट.

सर्वांत महागात पडते ती सिस्टिम लोकेलची चूक. युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामायिक अक्षर-पद्धत) न वापरणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजने कोणती भाषा धरायची, ते ठरवणारं हे सेटिंग. एखादं जुनं कोरियन सॉफ्टवेअर कचरा अक्षरं दाखवतं, म्हणून लोक ‘नॉन-युनिकोड’ची भाषा कोरियन करतात. त्याच संगणकावर लग्नपत्रिकांचं डीटीपी जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये चालत असेल तर वाट लागते: दोन-दोन बाइट जोडून त्यांचं एकेक कोरियन अक्षर बनतं. फाइल मात्र बिघडलेली नसते, त्यामुळे तशीच सेव्ह न करता बंद करा, लोकेल पूर्ववत करा आणि रीस्टार्ट करा. नुसतं टायपिंग करायला या सेटिंगला हात लावायचं कारणच नाही.

ऑनलाइन क्लाससाठी टाइम झोन सोलचा करू नका. कॅलेंडरच्या सगळ्या वेळा साडेतीन तासांनी पुढे दिसू लागतात. डेट अँड टाइममध्ये ‘अ‍ॅडिशनल क्लॉक्स’ आहे, तिथे सोलचं घड्याळ लावा. तिकडचा सातचा क्लास म्हणजे आपले दुपारचे साडेतीन.