सिगार कंपनीचा इतिहास लिहायला घेताय? आधी नावांचा घोळ समजून घ्या

कंपनीचा इतिहास हा विषय घेऊन प्रबंध लिहायला बसलेल्यांसाठी लिहितेय. मर्जर काय, ट्रेडमार्क काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. माझा विषय होता आल्तादिस, म्हणजे स्पेनची ताबाकालेरा आणि फ्रान्सची सेइता या दोन कंपन्या 1999 मध्ये एकत्र येऊन झालेली कंपनी, जी 2008 मध्ये ब्रिटनच्या इम्पीरियल टोबॅकोने विकत घेतली. जेमतेम नऊ वर्षांचं आयुष्य, त्यामुळे मला वाटलं वर्षभरात हातावेगळं होईल. तीन वर्षं लागली, आणि त्यातलं जवळपास दीड वर्ष एकाच चुकीपायी गेलं. ती आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

आधी मागचं थोडक्यात. स्पेनमध्ये तंबाखूची सरकारी मक्तेदारी 1636 पासूनची, फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याच्या काळातली, 1674 ची. मक्तेदारी हा शब्द इथे जुन्या अर्थानेच घ्या, म्हणजे हक्क राजाचा आणि तो ठरलेल्या रकमेला दुसऱ्याला लावून दिलेला. स्पेनमध्ये 1887 ला जी कंपनी झाली तिच्या नावातच 'आरेंदातारिया' आहे, सरळ मराठीत मक्तेदार. म्हणजे धंद्याची मालकी सरकारची, कंपनी फक्त चालवणारी. 1945 मध्ये तिच्या जागी ताबाकालेरा आली. म्हणून 'ताबाकालेराची स्थापना 1636' असं कधीही लिहू नका, मक्तेदारी जुनी आहे, कंपनी नाही. फ्रान्समध्ये क्रांतीत 1791 ला मक्तेदारी गेली, 1810 ला नेपोलियनने परत आणली, सेइता त्याच सरकारी परंपरेतली, ती खासगी झाली 1995 ला. गोलुआझ आणि जितान या सिगारेटी तिच्या. हा सगळा भाग कागदोपत्री नीट सापडतो, त्याला घाबरू नका.

खरा खड्डा आहे सिगारच्या ब्रँडमध्ये.

मोंतेक्रिस्तो घ्या. 1935 साली हवानात सुरू झालेला ब्रँड. 1960 मध्ये क्युबाच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले आणि मालक देश सोडून गेले. कारखाना गेला हे उघड आहे, पण नाव कोणाचं? क्युबाचं सरकार म्हणणार आमचं, आणि अमेरिकेतल्या कोर्टांनी मात्र सांगितलं की अमेरिकेपुरता नावावरचा हक्क जुन्या मालकांचाच. त्यात 1962 पासून अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातलेली, त्यामुळे दोन्ही नावं एका दुकानात समोरासमोर आलीच नाहीत. जुन्या मालकांकडचा हक्क पुढे कन्सॉलिडेटेड सिगार या अमेरिकन कंपनीकडे गेला. म्हणजे अमेरिकेतली मोंतेक्रिस्तो बनते डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, बाकी जगातली हवानात, नाव एक आणि मालक दोन.

आता नीट लक्ष द्या, मी इथेच पडले. 1999 च्या सुरुवातीला सेइताने कन्सॉलिडेटेड विकत घेतली, त्यामुळे अमेरिकेतली मोंतेक्रिस्तो आल्तादिसकडे आली. 2000 मध्ये आल्तादिसने क्युबाचे सिगार जगभर विकणाऱ्या आबानोस या क्युबाच्या कंपनीतला अर्धा हिस्सा घेतला, म्हणजे क्युबाच्या मोंतेक्रिस्तोतही वाटा आला. दोन्ही बाजू एका घरात! मला इतका आनंद झाला की मी पुढचं वाक्य विचार न करता लिहून टाकलं, की आबानोसची जी जी नावं आहेत ती अमेरिकेतही आल्तादिसचीच. आणि त्या यादीत कोहिबा हा क्युबाचा दुसरा सिगार ब्रँडही टाकला. त्या यादीवरून तक्ते केले, तक्त्यांवरून निष्कर्ष काढले.

प्रबंध द्यायच्या आधीच्या सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्या स्लाइडवरचा सिगारच्या पट्टीचा फोटो मोठा करायला सांगितला. कोहिबा लिहिलेलं आणि त्यातल्या 'ओ'च्या पोटात लाल ठिपका. बाई एवढंच म्हणाल्या, "हा ठिपका क्युबाच्या पट्टीवर कुठे असतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फोटो जनरल सिगार या दुसऱ्याच अमेरिकन कंपनीच्या मालाचा होता, जिने कोहिबा हे नाव अमेरिकेत 1981 मध्ये स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं होतं, आणि 1997 पासून क्युबाशी तिची कोर्टकचेरी चालू होती. आल्तादिसचा तिथे काहीही संबंध नाही.

कारण अगदी साधं आहे, फक्त मी तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. कोहिबा जन्मलं 1966 मध्ये, म्हणजे कारखाने ताब्यात घेतल्यानंतर. त्याला देश सोडून गेलेला जुना मालकच नाही, मग त्याचा हक्क विकत विकत आल्तादिसपर्यंत येणार कुठून? ब्रँड 1960 च्या आधीचा की नंतरचा, एवढा एक प्रश्न विचारला असता तर प्रबंधाचं अख्खं प्रकरण बचावलं असतं. ते मागे घ्यावं लागलं, सगळे तक्ते पुन्हा केले.

माझे तेव्हाचे गाइड म्हणायचे, ब्रँडची यादी परिशिष्टात टाक आणि पुढे जा. माझं स्पष्ट मत आहे की चॅप्टर वेळेत मागणाऱ्या गाइडपेक्षा "कशावरून?" विचारणारा एक माणूस शोधा, मग तो तुमच्या विषयातला नसला तरी चालेल. आणि कुठल्या कंपनीने कुठली घेतली याच्या बाण काढलेल्या तयार आकृत्या मिळतात ना, त्यांवर विसंबू नका. बाण कंपनीचा असतो, नावाच्या हक्काचा नसतो.

प्रत्येक नावापुढे देश आणि साल लिहायची सवय लावा, सिगारेटच्या बाबतीतही. ब्रिस्टलची इम्पीरियल 1901 ला तेरा ब्रिटिश कंपन्या मिळून झाली, अमेरिकन टोबॅको कंपनीचा मालक जेम्स ड्यूक याला तोंड द्यायला. पण इम्पीरियल टोबॅको कॅनडा आज तिची नाही, ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोची आहे, आणि आपली आयटीसी 1910 मध्ये इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया म्हणून सुरू झाली तीही ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्याच घराण्यातली. हे घोळ सगळ्यांचेच होतात, तुमचा झाला म्हणजे तुम्ही कच्चे असं अजिबात नाही. थोडं स्पॅनिश मात्र शिका, वाचण्यापुरतं पुरे.

नावापुढे देश आणि साल लिहिलेली एक ओळ उदाहरणादाखल देते. मोंतेक्रिस्तो: 2000 च्या आधी अमेरिकेत एक मालक, बाहेर दुसरा. 2000 पासून अमेरिकेतला हक्क पूर्ण आणि बाहेरचा अर्धा एकाच घरात, आधी आल्तादिस, 2008 पासून इम्पीरियल. 2020 मध्ये इम्पीरियलने उंची सिगारचा धंदा विकला तो दोन वेगळ्या खरेदीदारांना, अमेरिकेतला भाग 18.5 कोटी युरोला आणि आबानोसच्या हिश्शासकट बाकी जगातला 104 कोटींना, म्हणजे परत दोन घरं. ही एवढी ओळ नीट भरायला मला चार दिवस लागले होते, तुम्हालाही लागले तर लागू द्या.