कासवासाठी पाला आणायला निघण्यापूर्वी

पिशवी घेऊन मंडईत जाण्याआधी आपल्याकडचे कासव कोणत्या जातीचे आहे, हे निश्चित करून घ्यावे. भारतीय स्टार कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येते आणि ते घरी पाळता येत नाही. ते कोणाकडे असल्यास आहाराचा विचार नंतर, आधी वनविभागाशी संपर्क साधावा. सुलकाटासारख्या परदेशी जातीची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी झाली आहे ना, हेही पाहावे. पुढील तयारी या सुलकाटासाठी आहे. तो मुळात आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशात गवतावर जगणारा प्राणी आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातील भाज्यांची निवड त्याला लागू पडत नाही, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला, विशेषतः प्रेमाने काहीबाही भरवणाऱ्या आजी-आजोबांना, नीट समजावून सांगावी.

पहिली जुडी पालकाची घेण्याचा मोह आवरावा. पालक, माठ, राजगिरा, आंबट चुका, चाकवत आणि घोळ या आपल्यासाठी उत्तम असलेल्या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. ते पाल्यातील कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ज्या प्राण्याचे कवच मुख्यतः हाडाचे आहे, त्याच्या वाट्याला पोटभर खाऊनही कॅल्शियम कमीच येते. अळू तर अजिबात देऊ नये, कारण त्यातील सुईसारखे स्फटिक तोंड आणि घसा सोलून काढतात. कोबी, फ्लॉवरचा पाला आणि मुळ्याचा पाला एखाद्या वेळी थोडा चालतो, परंतु रोज दिल्यास थायरॉइडच्या कामात अडथळा येऊ शकतो. मेथी व कोथिंबीर चवीपुरती मिसळावी. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असले तरी प्रथिनेही पुष्कळ असतात, म्हणून तोही मूठभरच द्यावा. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फारसे काही नसते.

मग रोज द्यावे काय? माझ्या मते मुंबईकराच्या हाताशी असलेले सर्वांत चांगले खाद्य म्हणजे दूर्वा, अर्थात हरळी. गणपतीसाठी दादरच्या फुलबाजारात त्यांच्या जुड्या मिळतात; मात्र त्या कोठून आल्या आणि त्यांवर काय फवारले आहे, हे विक्रेत्याला बहुधा सांगता येत नाही, त्यामुळे खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन-तीन पसरट कुंड्यांत घरीच दूर्वा लावणे अधिक सुरक्षित ठरते. ताटलीचा मोठा भाग अशा गवताचा असावा आणि उरलेल्यात जास्वंदीची पाने-फुले व तुतीची पाने घालावीत. सोसायटीच्या आवारातील जास्वंद तोडण्यापूर्वी माळ्याला शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारावे, आणि डासांसाठी धुरळणी झाली असल्यास तो पाला घेऊच नये. रस्त्याकडेच्या, धुळीने माखलेल्या झाडांचा पाला टाळावा. लोकलच्या रुळांलगत सांडपाण्यावर पिकवलेली भाजीही टाळावी, मग ती कितीही हिरवीगार दिसो.

गवत खुडताना त्यात गाजरगवत किंवा घाणेरी आलेली नाही, याची खात्री करावी. कण्हेर, रुई, धोत्रा, सदाफुली, क्रोटन आणि मनी प्लांट यांच्या कुंड्या कासव फिरते त्या बाल्कनीतून हलवाव्यात. कासव खाली पडलेले पानही उचलते, हे लक्षात ठेवावे.

घरी आल्यावर जुडीचा दोरा, रबर आणि प्लॅस्टिकचा तुकडा मोजून बाजूला काढावा, कारण पाल्यासोबत दोरा गिळला गेल्यास तो आतड्यात अडकू शकतो. पाला स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून, नंतर वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवावा. साबण वापरू नये. पावसाळ्यात जुडीच्या आतली पाने कुजलेली असतात, म्हणून ती सोडवून एकेक पान पाहावे, आणि फ्रिजमधील पाला खोलीच्या तापमानाला आल्यावरच द्यावा.

कवचाएवढा ढीग हे रोजचे साधारण माप धरावे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या जातीतील प्राण्याचे कॅल्शियमयुक्त हाड, कासवाला कुरतडता येईल असे जवळ ठेवावे. परंतु हे कॅल्शियम शरीरात मुरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि त्यासाठी आवश्यक असलेले अतिनील किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. तेव्हा सकाळचे थेट ऊन मिळेल अशी, अर्धा भाग सावलीत असलेली जागा ठरवावी, अन्यथा असे किरण देणारा यूव्हीबी दिवा आधीच आणून ठेवावा. कवच दाबल्यास मऊ लागले किंवा कासवाने पाला नाकारला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवावे, आणि जाताना मागील आठवड्यात काय काय खायला दिले, याची टिपण सोबत न्यावी.