तुर्भ्याच्या दगडाचा धाकटा भाऊ: मॉरिशसचा नैर्ऋत्य कोपरा भाड्याच्या गाडीने

बाबा तुर्भ्याच्या दगडखाणीत सुरुंगाच्या टोळीत होते. घरी आले की कधीकधी खिशातून एक दगड काढून माझ्या हातावर ठेवायचे. काळाभोर, जड, आणि मधेमधे वाटाण्याएवढी भोकं, पण सगळी पांढऱ्या गारेने भरलेली. तो दगड अजून आमच्या सानपाड्याच्या घरात टीव्हीशेजारी आहे. पारसिकचा डोंगर, अंधेरीची गिल्बर्ट हिल, महाराष्ट्रातला जवळपास अख्खा सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या एका तप्त जागेतून वर आला. आपली जमीन सरकत उत्तरेला गेली, ती जागा मात्र खालीच राहिली. तिनेच पुढे ८०–९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उभं केलं. आज तीच जागा शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. हे कळलं तेव्हाच मी ठरवलं की मॉरिशसला जायचं ते नुसता समुद्र बघायला नाही.

मुलीची दहावी झाल्यावर मे महिन्यात आम्ही चौघं गेलो. मी, बायको, मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई. टूरवाल्यांच्या बसमधून हा भाग बघू नका, असं मी आग्रहाने सांगेन. बस चामारेलला तासभर थांबते आणि परत फिरते. खरी गंमत दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर आहे आणि तिथे थांबायला स्वतःची गाडी लागते.

आधी कागद. व्हिसा इथून काढावा लागत नाही. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. आरटीओतून मिळतो, वर्षभर चालतो, आणि काउंटरवर वाद घालायची वेळ येत नाही. खरं महत्त्वाचं आहे ते क्रेडिट कार्ड. गाडी जो चालवणार त्याच्याच नावाचं हवं, कारण डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर बऱ्याच कंपन्या गाडी देत नाहीत. विम्यात नुकसानीचा पहिला किती हिस्सा आपल्या खिशातून जाणार तो आकडा विचारा, आणि टायर, रिम व काच त्यात धरली आहे का तेही विचारा. माझं नुकसान नेमकं तिथेच झालं. त्याबद्दल पुढे सांगतो.

गाडी लहान घ्या. रस्ते अरुंद आहेत. मी ऑटोमॅटिक घेतली, भाडं थोडं जास्त पडलं, पण घाटात आणि गोल चौकांत डोकं मोकळं राहिलं. ताब्यात घेताना घाई करायची नाही. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: चारही बाजू, चारही चाकं, छत, डिकी, स्टेपनी, पेट्रोलचा काटा. देणारा माणूस शेजारी उभा असतानाच काढा आणि दिसेल तो प्रत्येक ओरखडा फॉर्मवर लिहून घ्या.

गाडी डाव्या बाजूने चालते, ही आपल्यासाठी मोठी सोय. १८१० पासून १९६८ च्या स्वातंत्र्यापर्यंत इंग्रजांचं राज्य होतं, त्याचा हा वारसा. गोल चौक मात्र फार आहेत आणि तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वाशीच्या सवयीने नाक घुसवू नका. तिथे लोक खरंच थांबतात, म्हणून समोरचा तुम्हीही थांबाल हे धरून चालतो. मोटरवेवर ताशी ११० ची मर्यादा आहे, गावात ती एकदम खाली येते, आणि कॅमेरे आहेत. नावांचा घोळ होतो, कारण फ्रेंच नाव लिहितात एक आणि बोलतात दुसरं. सगळी ठिकाणं आदल्या रात्री नकाशात टाकून, तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा.

आम्ही पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला उतरलो होतो. पहिल्या दिवशी सकाळी सातला निघालो. मे महिन्यात तिथे सहाच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे उशिरा निघालात तर शेवटचा घाट अंधारात उतरावा लागेल. पेट्रोल खाली गावातच भरा, वर डोंगरात पंप शोधत बसू नका.

आधी क्युरपिप गाठायचं. हे गाव पठारावर आहे आणि तिथे पाऊस-धुकं कायम, म्हणून आईसाठी शाल आणि सगळ्यांना विंडचीटर. गावातच ट्रू ओ सेर्फ हा विझलेल्या ज्वालामुखीचा खड्डा आहे. सुमारे ३०० मीटर रुंद, ८० मीटर खोल, आतून झाडांनी भरलेला, तळाशी गाळाचं छोटं तळं. कडेने गोल रस्ता आहे, गाडी लावून पायी एक फेरी मारा. आईला गुडघ्यांचा त्रास, तरी ती सावकाश अर्धी फेरी चालली, कारण रस्ता सपाट आहे.

तिथून गंगा तलाव. हेही मूळचं ज्वालामुखीचंच मुख, आता पाण्याने भरलेलं. रस्त्यालगत ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती उभी आहे. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून इथे पायी येतात, त्या दिवसांत गाडी घेऊन इकडे फिरकू नका. एरवी शांत असतं. आईने तळ्याचं पाणी डोळ्यांना लावलं आणि पायरीवर बसून राहिली. आम्ही तिला उठवलं नाही, वेळ गेला तर जाऊ दे म्हटलं.

पुढे प्लेन शाम्पान्यचा रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून जातो. इथे वेग विसरा. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बोराएवढे लाल पेरू लागलेले असतात, आणि ते पिशव्यांतून तिखटमीठ लावून विकायला बसतात. आपल्या शाळेबाहेर मिळायचे तसेच, फक्त आंबट जास्त. हा पेरू बाहेरून आलेला, त्याने मूळचं जंगल फार गिळलंय, म्हणून खाताना मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही. गॉर्जेसच्या व्ह्यूपॉइंटला धुकं असेल तर लगेच निघू नका. आम्ही वीस मिनिटं थांबलो आणि मग पडदा सरकावा तशी दरी उघडली, अगदी समुद्रापर्यंत.

चामारेलला एकाच तिकिटात धबधबा आणि सात रंगांची माती होते. धबधबा आधी लागतो. मातीच्या लहान लहान टेकड्या तांबड्या, जांभळ्या, तपकिरी, पिवळट दिसतात. बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हाच काळा दगड, कुजून त्याची चिकणमाती झाली, पावसाने बाकीचं वाहून नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं राहिली, त्यांचे हे रंग. आपल्याकडे माथेरानची लाल माती ज्या कारणाने लाल, तेच कारण. ऊन असताना पोहोचा, ढगाळ हवेत रंग मरतात.

चामारेलहून काझ न्वायालला उतरणारा घाट तीव्र आहे, एकामागून एक वळणं. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ऑटोमॅटिक असली तरी गिअर खालचा टाका, कसारा उतरतो तशी गाडी इंजिनावर उतरवा. खाली आलात की डावीकडे ल मोर्न दिसतो, ५५६ मीटरचा काळा कडा, जागतिक वारसा. पळून गेलेले गुलाम या कड्यावर लपून राहायचे. १८३५ मध्ये गुलामी संपल्याची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायलाच आले असं वाटून लोकांनी वरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात. पायथ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवा. इंटरनेटवर दिसणारा ‘समुद्राखालचा धबधबा’ मात्र गाडीने शोधू नका. तो वाळू आणि गाळाच्या प्रवाहाने होणारा भास आहे आणि आकाशातूनच दिसतो.

दुसरा दिवस दक्षिण किनाऱ्याचा, आणि तो आम्ही परतीच्या दिवशीच ठेवला, कारण विमानतळ त्याच बाजूला आहे. बे द्यु कापच्या आधी माकोंदेचं वळण लागतं, एका बाजूला कातळ, दुसरीकडे थेट समुद्र. वळणावर गाडी थांबवू नका, पुढे जागा बघून लावा आणि चालत मागे या.

सुइयाकजवळ ऊसशेतांतून रोचेस्टर धबधब्याकडे वळलो आणि तिथे माझ्याकडून चूक झाली. समोरून बस आली, मी डावीकडे सरकलो. ऊस अगदी रस्त्याला चिकटून आणि त्याच्या मुळाशी सिमेंटचं उघडं गटार, गवतात न दिसणारं. डावं पुढचं चाक खाली गेलं. या बेटावर गाडी चालवताना एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल: रस्त्याला कड नसते. समोरून मोठी गाडी दिसली की आधी थांबा. सरकू नका.

शेतातून चार माणसं आली आणि गाडी अक्षरशः उचलून वर ठेवली. त्यातल्या एका वयस्कराने आईची नऊवारी बघितली आणि हिंदीत म्हणाला, “हम भी मराठी.” त्याचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला आले होते. आईने त्याला विचारलं, गणपती बसतो का घरी? तो हसला, म्हणाला, त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

तो गेल्यावर आई शेताच्या मधल्या दगडांच्या ढिगाकडे बघत राहिली. असे ढीग तुम्हाला सगळीकडे दिसतील, काही तर दुमजली घराएवढे, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. लाव्ह्याच्या जमिनीतून ऊस घ्यायचा तर आधी दगड वेचावे लागतात. गुलामांनी, आणि १८३४ नंतर भारतातून मजुरीच्या करारावर आणलेल्या गिरमिटियांनी, ते हातांनी वेचून रचले. जवळपास पाच लाख माणसं त्या करारावर इथे आली. मी कडेचा एक दगड उचलून आईच्या हातात दिला. रंग तोच, वजन थोडं हलकं. भोकंही तशीच, पण रिकामी. हा दगड तरुण आहे, त्याच्या भोकांत गार भरायला अजून काळ जायचाय. आईने भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं. “तुझ्या बाबांनी एका दिवसात ट्रक भरला असता,” म्हणाली, आणि दगड होता तिथेच परत ठेवला.

धबधबा उंचीला फार नाही, पण पाण्यामागचा कातळ बघा. उभे, कोन असलेले खांब, गिल्बर्ट हिलसारखे. लाव्हा थंड होताना आक्रसून तडकतो त्याचे. शेवटचा टप्पा खडबडीत आहे, गाडी अलीकडेच लावा. मग ग्री ग्री. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, इथे ती तुटलेली आहे, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यावर फुटतात. पाण्यात उतरू नका, कड्याच्या टोकावर फोटोला उभे राहू नका.

सुइयाकहून विमानतळाला पाऊण तास धरा. गाडी परत देण्याआधी टाकी भरा, पावती जपा, आणि गाडी स्वच्छ पुसा, म्हणजे ओरखडे दोघांनाही नीट दिसतात. आमच्या कंपनीने गटारात घासलेल्या रिमचे पैसे घेतले, ते मला मान्य होते. मागच्या दाराच्या ओरखड्याचेही मागितले. मी पहिल्या दिवसाचा व्हिडिओ लावला, बाविसाव्या सेकंदाला तो ओरखडा होता. त्यांनी ते पैसे सोडले. डिपॉझिट कार्डावर परत यायला थोडे दिवस लागतात, तोवर सही झालेला परतीचा फॉर्म फेकू नका.