पृथ्वी-पर्यावरणाच्या एमएस्सीची तयारी: बेळगाव भागातल्या मुलांसाठी

आधी एक शंभर पानी वही घ्या आणि घरच्या विहिरीपासून सुरुवात करा. दोरीला दगड बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, कठड्याशी दोरीला गाठ मारायची, वर ओढून टेपने मोजायचं आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. माप सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी घ्या, नाहीतर पातळी खोटी लागते. तारीख, वेळ आणि गेल्या चार दिवसांतला पाऊसही लिहा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. तुम्ही दर पंधरवड्याला मोजा. भूविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, हवामान हे सगळं विभागात शिकवतील, पण प्रश्न तुमचा तुम्हालाच न्यावा लागतो, आणि तो अशा वहीतूनच सापडतो असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नांना आपल्याकडे तोटा नाही. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला धो धो पाऊस, आणि याच जिल्ह्यात अथणीला पाण्याची ओढ. चिकोडी-रायबागकडे उसाला पाणी पाजून पाजून खारवून चोपण झालेली रानं बघून या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर कुठवर चढला ते नदीकाठच्या घरांत लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ती उंची जमिनीपासून मोजून ठेवा.

एक रविवार दगडांसाठी काढा. गोकाकचा धबधबा कलादगीच्या वालुकाश्मावरून सुमारे ५२ मीटर कोसळतो. बेळगावचा काळा पाषाण त्याच्यापेक्षा खूप नवा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात कडक होतो. हे आधी चिरे काढणाऱ्यांकडून ऐका, मग पुस्तकात वाचा.

सीबीझेड (रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) केलेल्यांनी कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्सला रोज तासभर द्या. जिऑलॉजीवाल्यांनी पाण्याचं रसायन पक्कं करा. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आपल्याच गावचा नकाशा काढा. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा, तिचा जिऑलॉजीचा पेपर ३ तासांचा, ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकलं की गुण कापतात, आकडा लिहायच्या प्रश्नांना कापत नाहीत. म्हणून गणितं सोडू नका. परीक्षा फेब्रुवारीत असते, पण फॉर्म आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरायचे असतात. बीएस्सीला कोणते विषय लागतात ते प्रत्येक विभागाचं वेगळं, तेवढं नीट वाचा.

कागदपत्रं मात्र आजच काढून बघा. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव एक तऱ्हेचं आणि डिग्रीवर दुसऱ्या तऱ्हेचं निघालं, आणि प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात प्रतिज्ञापत्रासाठी पळापळ झाली. कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांतून फिरणाऱ्या आपल्या नावांचं असं हमखास होतं. पीयूसीचं (बारावीचं) कार्ड, टीसी, मायग्रेशन एका फाइलीत लावा. महाराष्ट्रात जाणार असाल तर महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे का ते बघा आणि त्या विद्यापीठात सीमाभागासाठी सवलत आहे का, ते विचारून घ्या.

निघण्याआधी ती दोरी धाकट्या भावंडाच्या हाती द्या आणि गाठ कुठे मारायची ते दाखवा. पावसाळ्यात पाणी वर चढतं, नेमकी तेव्हाचीच मापं चुकायला नकोत.