कुत्रा असलेल्या घराचा शनिवार-रविवार

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीतील घरात नऊ वर्षांपासून भुरी नावाची गावठी कुत्री आहे. पहिली दोन-तीन वर्षे आम्ही तिचा रविवार खास करण्याच्या नादात तो नेमाने बिघडवत असू. घरातील सर्व मंडळी उशिरा उठत, त्यामुळे तिचे साडेसहाचे फिरणे नऊवर जाई. त्याची भरपाई म्हणून भर उन्हात तिला गाडीत घालून कुठेतरी लांब नेले जाई. दुपारी प्रत्येकाच्या ताटातून तिला एकेक घास मिळे. आणि सोमवारी ती बिघडलेले पोट घेऊन दाराशी कुंथत बसे. कुत्र्याला वार कळत नाहीत, वेळा कळतात, ही साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हाला बराच काळ लागला. तेव्हापासून सुटीच्या दिवसांसाठी घरात एकच नियम आहे: भुरीच्या वेळा बदलायच्या नाहीत, वाट मात्र बदलायची. पुढील सूचना याच नियमाच्या आधाराने लिहिल्या आहेत.

सकाळचे फिरणे

सुटीच्या दिवशी कोणी लवकर उठायचे हे आदल्या रात्रीच ठरवून घ्यावे, कारण सकाळी सहा वाजता झालेली चर्चा कधीही प्रेमाची नसते. आमच्याकडे शनिवार माझा आणि रविवार मुलीचा असतो. कामाच्या दिवशी वीस मिनिटांत उरकलेले फिरणे सुटीला पाऊण तासाचे करावे, परंतु तो जादा वेळ अंतर वाढवण्यासाठी वापरू नये. शक्य असल्यास दोन-तीन मीटर लांबीचा पट्टा घ्यावा आणि कुत्रा जिथे हुंगायला थांबेल तिथे आपणही निमूटपणे थांबावे. कुत्र्याला जगाची ओळख मुख्यतः नाकातून होते. एखाद्या झाडाच्या बुंध्याशी तीन मिनिटे हुंगण्यात त्याचा मेंदू कामाला लागतो आणि असे सावकाश फिरून आलेला कुत्रा घरी आल्यावर शांतपणे झोपतो. पट्टा ओढत चालवलेला कुत्रा तेवढेच अंतर चालूनही अस्वस्थ राहतो, हा आमचा वारंवारचा अनुभव आहे.

वाट बदलण्यासाठी लांब जाण्याची गरज नसते. कचराळी तलावाभोवतीचे रस्ते, नौपाड्यातील जुन्या इमारतींमधल्या गल्ल्या, सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीचा राम मारुती रस्ता, एवढ्यावर आमचे कित्येक रविवार निघाले आहेत. उपवन तलावाकडे जायचे असल्यास सातच्या आत पोहोचावे. त्यानंतर तेथे फिरणाऱ्यांची आणि नाश्त्याच्या गाड्यांची इतकी गर्दी होते की कुत्र्याचे आणि इतरांचेही मन रमत नाही. उपवनपासून पुढे येऊरच्या डोंगराकडे मात्र कुत्र्याला नेऊ नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबटे आहेत आणि या परिसरातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचे प्रमाण मोठे आहे. शिवाय कुत्र्यांमधील डिस्टेंपरसारखे आजार वन्यप्राण्यांना होऊ शकतात, त्यामुळे धोका दोन्ही बाजूंनी आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना पदपथांची रुंदी हे सुख आहे. नेरुळला राहणारी माझी बहीण तिच्या लॅब्राडोरला दर रविवारी वेगळ्या सेक्टरमध्ये नेते आणि कोणता सेक्टर हे तिचा धाकटा मुलगा चिठ्ठी उचलून ठरवतो. खाडीकाठच्या पाणथळ जागी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी उतरतात, त्या काळात कुत्र्याला पट्ट्याशिवाय तेथे सोडू नये, आणि खरे तर त्या बाजूला नेऊच नये. कुत्र्याची मौज दोन मिनिटांची होते, पण चिखलातून अन्न टिपणाऱ्या पूर्ण थव्याला उडावे लागते. ठाणे खाडीतील रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, एवढे मुलांना सांगितले की पट्टा घट्ट धरण्याचे कारण त्यांना वेगळे समजवावे लागत नाही. सार्वजनिक उद्यानांच्या दारावर पाळीव प्राण्यांना मनाई असल्याची पाटी असेल तर तेथे वाद घालण्यात सकाळ घालवू नये.

विष्ठा उचलण्यासाठी जुने वर्तमानपत्र आणि पिशवी सोबत ठेवणे हे सांगण्याची गरज पडू नये, तरी सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याच्या लिफ्ट वापरण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण जिन्यात घाण राहिली तर या सूचना सभेत कितीही मोठ्याने वाचून दाखवल्या तरी कोणी ऐकत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांच्या तारखा मात्र कागदावर चोख असाव्यात.

ऊन आणि पाऊस

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकताना तोंडातील ओलाव्याचे बाष्प होते आणि त्यातून त्याचे शरीर थंड राहते. आपल्याकडील अडचण अशी की हवेत दमटपणा भरलेला असताना हे बाष्पीभवन नीट होत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ठाण्याचे तापमान नागपूरपेक्षा कमी असले तरी येथील कुत्रा निश्चिंत असतो असे समजू नये. पग किंवा तत्सम चपट्या नाकाच्या जातींना तर याचा दुहेरी त्रास होतो. या दिवसांत सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर काढू नये; शंका असल्यास तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नये, कारण उभ्या गाडीच्या आतील तापमान वीस मिनिटांत बाहेरच्यापेक्षा सुमारे १६ अंशांनी वाढू शकते. घोडबंदर रस्त्यावर रविवारी संध्याकाळी गाडी अडकते तेव्हा पाण्याची बाटली आणि एक वाटी हाताशी असावी, एवढीच प्रवासाबद्दलची माझी सूचना आहे; लांबच्या सहलीला कुत्रा नेण्याचा उत्साह मला स्वतःला राहिलेला नाही.

पावसाळ्यात खरी काळजी साचलेल्या पाण्याची घ्यावी लागते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्यालाही आजारी करतात आणि आजारी कुत्र्याकडून तो आजार माणसांपर्यंत पोहोचू शकतो. वर्षाला घ्यावयाच्या लसीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे पशुवैद्यांना जूनपूर्वीच विचारावे, आणि डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये. फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमधील जागा सुती फडक्याने पूर्ण कोरडी करावी. शनिवारी दुपारचा निवांत अर्धा तास गोचीड शोधण्यासाठी राखून ठेवावा: कानांच्या आत, मानेखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. रॉकेल लावणे किंवा उदबत्तीचा चटका देणे हे जुने उपाय कटाक्षाने टाळावेत. त्यानंतरच्या दिवसांत कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा ताप आला तर गोचिडीच्या तापाची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.

रविवारचे ताट

या विषयावर मी अंमळ अधिक लिहिणार आहे, कारण प्रेमापोटी होणारे नुकसान बहुतांशी स्वयंपाकघरातच होते. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे होते, आणि एका पाहुण्यांनी भुरीला प्रसादापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे म्हणून भरलेला द्रोणच तिच्यापुढे ठेवला. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि किती प्रमाण धोकादायक आहे हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलते. आम्ही अर्ध्या तासात पशुवैद्यांकडे पोहोचलो, त्यांनी तिला उलटी करवली आणि पुढील दोन दिवस रक्ततपासणी केली. ती वाचली. तेव्हापासून आमच्याकडे प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे पडत नाहीत. आईने सुरुवातीला नाराजी दाखवली, पण आता तीच पाहुण्यांना बजावते.

आपल्या रविवारच्या बहुतेक पदार्थांत कांदा-लसूण असतो. पोहे, मिसळ, मटणाचा रस्सा, कोंबडीचे सुके, यांपैकी कशाचाही उष्टा घास कुत्र्याला देऊ नये. कांदा आणि लसूण शिजवल्यानेही त्यांतील घातक द्रव्ये नाहीशी होत नाहीत आणि त्यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्याचा परिणाम कधी कधी तीन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे मिसळीचा आणि आजाराचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. नळी चोखून झाल्यावर ती कुत्र्याला टाकण्याची पद्धत घरोघरी आहे, परंतु शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. आंब्याच्या दिवसांत कोय उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कुत्रा ती अख्खी गिळतो आणि आतड्यात अडकलेली कोय काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्याला विषारी असते, याबद्दल शहरी घरांत आता बऱ्यापैकी माहिती आहे.

मग त्याला द्यावे काय? मसाला घालण्यापूर्वी चार तुकडे वेगळे काढून पाण्यात उकडलेली बिनहाडाची कोंबडी, काटे काढलेली उकडलेली सुरमई, उकडलेले अंडे, लाल भोपळ्याची वाफवलेली फोड, काकडी, गाजर, बिया काढलेले कलिंगड, फोडणी आणि मीठ न घातलेला दहीभात. हे सर्व मिळून दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ नये आणि ते त्याच्या स्वतःच्या भांड्यात, त्याच्या स्वतःच्या वेळेला द्यावे. जेवणाच्या टेबलाशी एकदा दिलेला घास म्हणजे पुढची दहा वर्षे गुडघ्यावर टेकलेले नाक समजावे.

घरातले खेळ

जुलैत पाऊस थांबत नाही असे रविवार येतात, तेव्हा नाकाचे खेळ उपयोगी पडतात. जुना टॉवेल पसरून त्यावर भाकरीचे किंवा चपातीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ठेवावेत आणि त्याची सैल वळकटी करावी. पहिल्या वेळी वळकटी अर्धीच गुंडाळावी, कारण पहिल्याच डावात अपयश आले तर कुत्रा टॉवेल फाडून प्रश्न सोडवतो. तो सराईत झाल्यावर टॉवेलला सैल गाठ मारावी. दुसरा खेळ लपाछपीचा. एकाने कुत्र्याला स्वयंपाकघरात थांबवावे, दुसऱ्याने पडद्यामागे किंवा कपाटाआड लपून एकदाच हाक मारावी, आणि सापडल्यावर मनापासून कौतुक करावे. आमच्या मुलीने या खेळातूनच भुरीला हाक ऐकताच येण्याची सवय लावली. त्याआधी मी बिस्किटे दाखवून केलेले प्रयत्न वाया गेले होते. कोणताही खेळ दहा-बारा मिनिटांत, कुत्र्याला आणखी हवासा वाटत असतानाच थांबवावा.

पाहुणे येणार असतील तर दार उघडण्यापूर्वी कुत्र्याला पट्टा लावावा आणि पाहुण्यांना आत येऊन बसेपर्यंत त्याच्याकडे न पाहण्याची विनंती करावी. त्याचे चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याच्याशी बोलावे. लहान मुले सोबत असल्यास त्यांना मिठी मारू देऊ नये, जेवताना व झोपेत त्याला हात लावू देऊ नये. कुत्रा वारंवार जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, तोंड फिरवत असेल किंवा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर त्याला माणसांचा कंटाळा आलेला आहे असे समजून आतल्या खोलीत त्याच्या अंथरुणावर नेऊन सोडावे. ही शिक्षा वाटू नये म्हणून सोबत चघळायला काहीतरी द्यावे.

रविवारची संध्याकाळ

दोन दिवस सतत माणसांत राहिलेल्या कुत्र्याला सोमवारचे रिकामे घर अंगावर येते. कुत्रा एकटा भुंकत राहतो अशा शेजाऱ्यांच्या तक्रारी सोमवारी अधिक येतात याचे कारण मला तरी हेच दिसते. त्याला एकटे राहण्याची सवय राहावी यासाठी रविवारी संध्याकाळी, त्याचे फिरणे आणि जेवण झाल्यावर, घरातील सर्वांनी मिळून तासभर बाहेर जावे. आम्ही चालत तलावपाळीला जातो, मासुंदा तलावाच्या कठड्याशी बसून भेळ खातो आणि परत येतो. निघताना त्याची समजूत काढत बसू नये, एक दिवा लावून ठेवावा आणि दार ओढून घ्यावे. परत आल्यावर तो कितीही नाचला तरी आधी चपला जागेवर ठेवाव्यात, पाणी प्यावे, आणि तो खाली बसला की मग त्याच्याजवळ जाऊन बसावे.