शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं समजून घेताना या चुका टाळा

पहिली चूक पुस्तक उघडतानाच होते. १६२३ साली शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा मोठा संग्रह छापला गेला. त्यात इंग्लंडच्या राजांवरची दहा नाटकं एका विभागात आली आणि ती राजांच्या काळानुसार लावली गेली. आधी किंग जॉन, मग दुसरा रिचर्ड, चौथा हेन्री, असं करत शेवटी आठवा हेन्री. शेक्सपिअरने ती या क्रमाने लिहिली नव्हती. सहाव्या हेन्रीवरची तीन नाटकं आणि ‘तिसरा रिचर्ड’ ही त्याच्या उमेदवारीच्या काळातली, १५९०च्या आसपासची. त्यांच्याही आधीच्या राजांची गोष्ट, म्हणजे ‘दुसरा रिचर्ड’, ‘चौथा हेन्री’चे दोन भाग आणि ‘पाचवा हेन्री’, त्याने नंतर, १५९५ ते १५९९च्या सुमारास लिहिली. तोवर त्याचा हात पक्का झाला होता.

इतिहासाच्या ओळीने जायचं म्हणून मी ‘किंग जॉन’पासून सुरुवात केली आणि तिसऱ्या अंकात पुस्तक मिटलं. पुढे बरीच वर्षं ही नाटकं आपल्यासाठी नाहीतच, असं वाटत राहिलं. म्हणून कुणी विचारलं तर मी ‘दुसरा रिचर्ड’ हातात ठेवते. गोष्ट सरळ आहे. एक राजा गादी गमावतो आणि त्याचा चुलतभाऊ तिच्यावर बसतो. पुढच्या सात नाटकांत याच गोष्टीची किंमत चुकवली जाते. ‘तिसरा रिचर्ड’चं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण लांबीत ते ‘हॅम्लेट’च्या खालोखाल आहे. ते आधी पाहावं आणि मग वाचावं. ‘सहावा हेन्री’ शेवटी ठेवावं.

दुसरी अडचण नावांची. ‘ग्लॉस्टर’ कोण, हे एका नाटकात कळतं न कळतं तोच पुढच्या नाटकात भलताच माणूस ग्लॉस्टर म्हणून येतो. ‘दुसरा रिचर्ड’मध्ये ग्लॉस्टरचा खून आधीच झालेला आहे, ‘सहावा हेन्री’मध्ये ग्लॉस्टर हा बालराजाचा पालक काका आहे, आणि त्यानंतरचा ग्लॉस्टर म्हणजे खुद्द तिसरा रिचर्ड. इथे गोंधळायचं कारण नाही. औंधचे पंतप्रतिनिधी म्हटलं की आपण ‘कोणत्या पिढीतले?’ असं विचारतोच. ग्लॉस्टर, यॉर्क, क्लॅरेन्स हे तसेच किताब आहेत, माणसं बदलत जातात. उपाय साधा आहे. एका कागदावर तिसऱ्या एडवर्डच्या पाच मुलांची नावं लिहा: काळा राजपुत्र एडवर्ड, लायनेल, जॉन ऑफ गाँट, एडमंड आणि थॉमस. दुसरा रिचर्ड पहिल्याचा मुलगा. पुढे गादीसाठी एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांपैकी लँकेस्टर घराणं गाँटचं. यॉर्क घराणं एडमंडचं, पण गादीवरचा त्यांचा दावा लायनेलच्या मुलीकडून आलेला. ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात यॉर्क स्वतः ही वंशावळ बोटं मोजत सांगतो. तो प्रवेश कागद समोर ठेवून वाचला की निम्मं काम झालं. बाकीचे सरदार लक्षात राहिले नाहीत तरी बिघडत नाही.

आता खरी ठेच लागते ती जागा: नाटकालाच इतिहास समजणं. शेक्सपिअरचा मुख्य आधार होता राफाएल होलिनशेडचा ग्रंथ, त्याची १५८७ची आवृत्ती. त्याला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द बखर. बखरीत इतिहास असतो, ऐकीव गोष्टी असतात आणि धन्याची मर्जीही असते. तिच्यावर नाटककाराने आणखी हात फिरवला. ‘चौथा हेन्री’मध्ये बंडखोर हॉटस्पर आणि युवराज हॅल, म्हणजे पुढचा पाचवा हेन्री, एकाच वयाचे तरुण दिसतात. प्रत्यक्षात हॉटस्पर १३६४ सालचा, म्हणजे हॅलच्या बापापेक्षाही थोरला, आणि १४०३च्या श्रूजबरीच्या लढाईत हॅल जेमतेम सोळा वर्षांचा. ‘दुसरा रिचर्ड’मधली राणी प्रौढपणे शोक करते, खरी इझाबेला तेव्हा नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात, सेंट ऑल्बन्सच्या लढाईत, पुढे तिसरा रिचर्ड होणारा रिचर्ड शत्रुपक्षाच्या सॉमरसेटला ठार करतो. ती लढाई १४५५ची आणि रिचर्डचा जन्म ऑक्टोबर १४५२चा. तीन वर्षांचाही नसलेला पोर तलवार चालवतो! ‘तिसरा रिचर्ड’मध्ये शाप देत फिरणारी मार्गारेट, सहाव्या हेन्रीची राणी, तर त्या घटनांच्या आधीच, १४८२ साली, फ्रान्समध्ये वारली होती.

हे कळल्यावर काही जण उलट्या टोकाला जातात आणि ‘सगळं खोटंच’ म्हणून पुस्तक बाजूला ठेवतात. ही चूक मला नाटकाला इतिहास समजण्यापेक्षा मोठी वाटते. प्रत्येक बदलाशी थांबून ‘हे का केलं असेल?’ असं विचारा. हॉटस्परचं वय कमी केलं म्हणून राजा स्वतःच्या मुलाला त्याच्याशी तोलू शकतो आणि बाप-लेकाच्या भांडणाला धार येते. मार्गारेट जिवंत ठेवली म्हणून जुन्या खुनांची आठवण रंगमंचावर चालत-बोलत राहते. शिवाय नाटकातल्या इतिहासावरून माणसं दुखावतात, हे आपल्याला नवं नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून केवढं वादळ उठलं होतं. ‘चौथा हेन्री’मधला जाडजूड, थापाड्या फॉल्स्टाफ आधी ओल्डकॅसल होता. हे एका खऱ्या सरदाराचं नाव, आणि त्याला पुढे प्रॉटेस्टंट लोक हुतात्मा मानू लागले. त्याच्याशी नातं सांगणाऱ्या कोबहॅम घराण्याच्या नाराजीमुळे नाव बदलावं लागलं, असं मानतात. ‘चौथा हेन्री’च्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस तर प्रेक्षकांना सांगूनच टाकलं आहे की ओल्डकॅसल हुतात्मा होता आणि हा तो माणूस नव्हे.

चित्रांच्या बाबतीत मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण आज बहुतेकांची या नाटकांशी पहिली गाठ चित्रांतूनच पडते. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत विल्यम होगार्थचं १७४५च्या सुमाराचं एक भव्य चित्र आहे. तंबूत झोपलेला तिसरा रिचर्ड दुःस्वप्नातून दचकून उठलाय, डोळे विस्फारलेले, हाताची बोटं फाकलेली. चित्राखाली शेक्सपिअरचं नाव वाचून आपण मान डोलावतो. पण हा डेव्हिड गॅरिक नावाचा नट आहे. १७४१ साली याच भूमिकेने तो लंडनमध्ये एका रात्रीत गाजला. आणि तो बोलत होता ती संहिता कॉली सिबरने १७००च्या आसपास कापून, जोडून, स्वतःच्या ओळी घालून तयार केलेली. तिसऱ्या रिचर्डची म्हणून लोक सांगतात त्यातली काही वाक्यं शेक्सपिअरची नाहीत, सिबरची आहेत. म्हणजे त्या चित्रात राजा आहे, नाटककार आहे, दुरुस्ती करणारा आहे, नट आहे आणि चित्रकार आहे. पाच माणसं एकावर एक उभी आहेत. हे दिसू लागलं की चित्र कितीतरी खोल होतं.

दुसरं उदाहरण लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या दोन राजपुत्रांचं, म्हणजे तिसऱ्या रिचर्डच्या लहान पुतण्यांचं. त्यांचा खून शेक्सपिअरने रंगमंचावर दाखवलेलाच नाही. खुनाचं काम घेतलेला टायरेल येतो आणि सांगतो, की एकमेकांच्या गळ्यात हात टाकून झोपलेली ती मुलं पाहून मारेकरीही रडले. चित्रकारांनी ही न दाखवलेली जागा भरून काढली. जॉन बॉयडेलने १७८९ साली लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर शेक्सपिअरच्या चित्रांचं दालन उघडलं. त्या दालनातल्या चित्रात जेम्स नॉर्थकोटने प्रत्यक्ष खुनाचा क्षणच रंगवला. पुढे पॉल देलारोशने, आज लूव्रमध्ये असलेल्या चित्रात, खुनाच्या आधीचा क्षण निवडला. मुलं पलंगावर बिलगून बसली आहेत, दाराखालून उजेड आलाय आणि लहानसा कुत्रा त्या दाराकडे पाहतोय. मला विचाराल तर शेक्सपिअरच्या जास्त जवळ देलारोश आहे. दोघांनीही भीती नजरेआड ठेवली.

खऱ्या रिचर्डच्या चित्रांतही फसायला होतं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातल्या त्याच्या व्यक्तिचित्राचा एक्स-रे काढला, तेव्हा उजवा खांदा मागाहून उंच केल्याचं दिसलं. २०१२ साली लेस्टरमधल्या मोटारी लावायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखर वाकडा होता. पण नाटकातला वाळलेला हात नव्हता, आणि कुबडही नव्हतं.

म्हणून चित्र पाहताना तीन गोष्टी शोधा: ते कोणत्या वर्षी काढलं, कोणत्या प्रवेशाचं आहे, आणि समोर राजा बसलाय की राजाची भूमिका करणारा नट. मग तो प्रवेश उघडून चित्राशेजारी ठेवा. बागेत लँकेस्टरचे लाल आणि यॉर्कचे पांढरे गुलाब तोडणाऱ्या सरदारांचं चित्र असेल, तर तो प्रवेश ‘सहावा हेन्री’च्या पहिल्या भागात सापडेल. इतिहासात तो प्रसंग नाही, शेक्सपिअरने रचलेला आहे.

प्रयोगांचंही तसंच. एकच चित्रपट पाहून ‘पाचवा हेन्री’ कळला असं समजू नका. लॉरेन्स ऑलिव्हिएचा चित्रपट १९४४चा, ऐन महायुद्धातला, ब्रिटनच्या कमांडो आणि हवाई सैनिकांना अर्पण केलेला. त्यात आकाश निळं आहे, चिलखतं लखलखतात आणि राजाच्या हातून काही काळंबेरं घडत नाही. नाटकात मात्र हाच राजा फ्रान्समधल्या हार्फ्लर गावाच्या वेशीसमोर उभा राहून गावकऱ्यांना धमकावतो, की शरण आला नाहीत तर तुमची तान्ही पोरं भाल्यांवर टोचली जातील. ऑलिव्हिएने हे भाषण गाळलं. केनेथ ब्रॅनाच्या १९८९च्या चित्रपटात ते आहे. घोड्यावरून ओरडणारा राजा वेस उघडल्यावर सुटकेने गळून जातो, आणि पुढचं सगळं युद्ध चिखलात होतं. कैद्यांना मारण्याचा हुकूमही मूळ नाटकात आहे, पण तो या दोन्ही चित्रपटांत नाही. हार्फ्लरचा एवढा एक प्रवेश संहितेत वाचा आणि मग दोन्हीकडे पाहा. अर्ध्या तासात जे हाती लागतं, ते अख्खी मालिका सलग पाहूनही लागत नाही.

बीबीसीची ‘दि हॉलो क्राउन’ ही मालिका सुरुवातीला उत्तम आहे, विशेषतः २०१२चा पहिला भाग, त्यातला बेन विशॉचा दुसरा रिचर्ड. पण २०१६च्या भागात ‘सहावा हेन्री’ची तीन नाटकं दोन चित्रपटांत बसवली आहेत, तेव्हा संहिता हातात घेऊन बसलात तर पानं जुळणार नाहीत. तुमचं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, असं मनात आणू नका. नटांचं बोलणं कानात शिरत नसेल तर आधी तेवढाच प्रवेश वाचून घ्या, पडद्यावरची अक्षरं चालू ठेवा, आणि एका बैठकीत वीस मिनिटांवर जाऊ नका. मुंबईत एनसीपीएमध्ये लंडनच्या नाटकांची चित्रमुद्रणं मोठ्या पडद्यावर दाखवतात. त्यात एखादं ऐतिहासिक नाटक आलं तर सोडू नका.

प्रस्तावना आधी वाचायची की नंतर? पहिला अंक आधी वाचा, मग प्रस्तावना. तोवर तुमच्या मनात स्वतःचे दोन-तीन प्रश्न उगवलेले असतात. आणि चित्रांसारखंच प्रस्तावनेचंही साल पाहा. ‘ही नाटकं म्हणजे देवाने लावून दिलेल्या व्यवस्थेचं आणि तेव्हा राज्यावर असलेल्या ट्यूडर घराण्याचं गुणगान’ हे मत अनेक जुन्या प्रस्तावनांत सापडतं. ते रुजवणारं टिलयार्डचं पुस्तक १९४४चंच, ऑलिव्हिएच्या चित्रपटाच्या वर्षाचं. नंतरच्या कित्येक अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. संहितेसाठी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने सगळी नाटकं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, सोबत कथासारही आहे. नवख्याला तेवढं पुरतं.

आणि एक चूक राहिली: एकट्यानेच मनातल्या मनात वाचणं. ‘दुसरा रिचर्ड’च्या चौथ्या अंकातला गादी सोडण्याचा प्रवेश घ्या. ७ फेब्रुवारी १६०१ला एसेक्सच्या सरदाराच्या माणसांनी जादा पैसे मोजून लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात याच राजाच्या पदच्युतीचं नाटक करायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ राणीविरुद्ध बंड केलं. हा प्रवेश राणी जिवंत असेपर्यंत छापलाच गेला नव्हता, तो १६०८च्या प्रतीत आला. घरात दोघं जण समोरासमोर उभे राहा आणि मुकुट म्हणून पितळेचं एखादं भांडं घ्या. रिचर्ड एक कड धरतो, चुलतभावाला दुसरी धरायला लावतो आणि म्हणतो, हा मुकुट म्हणजे खोल विहीर आणि आपण दोघं तिचे पोहरे. रिकामा वर हवेत नाचतो, भरलेला खाली, कुणाला न दिसणारा, पाण्याने जड. हे म्हणताना भांडं सोडू नका. कोण आधी सोडतो ते पाहा.