स्क्रू-रॉडच्या केसमध्ये या चुका टाळा

मणके स्क्रू आणि रॉडने जोडायची ऑपरेशनं होतात त्या स्पाइनच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नव्याने आलेल्या टेक्निशियनचं सगळं लक्ष स्क्रू पेडिकलमध्ये, म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या खांबात, कसा जातो याकडे असतं. ते सर्जन बघून घेतात. आपल्या हातून घोळ होतात ते त्याच्या आधी नाहीतर नंतर, आणि दर वेळी तेच.

स्टिकर न लावणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. पेशंटला बसवलेल्या स्क्रू-रॉडच्या स्टिकरवर कंपनी, सिस्टिम, माप, लॉट नंबर सगळं असतं. ट्रेमधले सुटे स्क्रू वापरले तर स्टिकर कंपनीच्या माणसाकडून मागून घ्यावा लागतो, आणि त्याला पुढच्या हॉस्पिटलात सेट पोचवायची घाई असते. मग "उद्या देतो" आणि उद्या काही येत नाही.

एक पेशंट दुसरीकडे एल४-एल५चं (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचं) फ्युजन, म्हणजे दोन मणके हाडाने जुळवायचं ऑपरेशन, करून आला होता. हाड जुळलं नव्हतं, एक्स-रेत स्क्रूभोवती काळी रेघ दिसत होती. डिस्चार्ज कार्डावर काय, तर "टायटॅनियम स्क्रू, ४ नग". बस्स! स्क्रूच्या डोक्याच्या आकारावरून अंदाज बांधून सेट मागवला, तर ड्रायव्हर सेट स्क्रूत (स्क्रूच्या डोक्यात रॉड दाबून धरणाऱ्या वरच्या छोट्या स्क्रूत) बसेना. दुसरा सेट वाटेत होता, पण टेबलवरच्या एका उतावळ्या रेसिडेंटला दम निघेना. त्याने जवळच्या मापाचा ड्रायव्हर दाबून फिरवला आणि खाच गोल करून ठेवली. मग बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कापायच्या टोकाने, रॉड कापणं आलं. भोवती ओले मॉप, एकजण पाणी मारतोय, दुसऱ्याच्या हातात सक्शन, तरी टायटॅनियमचा काळा चुरा उडायचा तो उडालाच. रॉडचा तुकडा स्क्रूच्या डोक्यात तसाच ठेवला आणि त्यालाच पकडीत धरून स्क्रू उलटा फिरवत बाहेर काढला. सेट स्क्रू घट्ट होता, त्यामुळे डोकं आणि दांडा एकत्र फिरले, म्हणून निभावलं.

तेव्हापासून ओटी रजिस्टर, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, तिन्हीकडे स्टिकर लागल्याशिवाय मी सेट ओटीबाहेर जाऊ देत नाही. शिवाय नातेवाइकांना मोबाइलवर फोटो काढायला लावतो. कंपनीचा माणूस चिडतो. चिडू दे.

सेट स्क्रू तिरका लागणं

रॉड डोक्यात पूर्ण बसलेली नसताना सेट स्क्रू रेटला की आटे चढतात. आधी उलटा फिरवा. आटा जागेवर पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा. दोन बोटांनी फिरत नसेल तर तो तिरकाच आहे. काढा, बाजूला टाका, नवा घ्या. तोच पुन्हा लावून बघण्याची काटकसर नको.

शेवटचं टाइटनिंग काउंटर-टॉर्क (स्क्रूचं डोकं फिरू नये म्हणून उलट धरून ठेवणारं हत्यार) लावून, ठरलेला पीळ देणाऱ्या टॉर्क हँडलनेच करायचं. बऱ्याच सिस्टिममध्ये ते ८ ते १२ न्यूटन-मीटरच्या घरात असतं, पण तुमच्या सेटचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. "मला हाताचा अंदाज आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. काउंटर-टॉर्क नसेल तर तो सगळा पीळ रॉडवर आणि हाडातल्या स्क्रूवर जातो, हे त्यांच्या अंदाजात बसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

टायटॅनियमची रॉड एकदाच, विचार करून वाकवा. वाकवून परत सरळ केली की तिथेच कमकुवत होते. बेंडरचा खोल व्रण पडला असेल तर ती वापरूच नका.

एका कंपनीचा स्क्रू आणि दुसऱ्या कंपनीची रॉड नको, दोन्ही ५.५ मिमीच्या असल्या तरी. स्टील आणि टायटॅनियम एकत्र तर मुळीच नको, गंज धरतो.

पीक केज (दोन मणक्यांच्या मध्ये बसवायचा PEEK या प्लास्टिकचा ठोकळा) एक्स-रेत दिसत नाही, दिसतात ते तिच्यातले धातूचे मार्कर. सी-आर्मवर (ओटीतल्या एक्स-रे मशीनवर) "केज कुठे गेली?" म्हणून गोंधळ घालण्याआधी केजमध्ये मार्कर कुठे कुठे आहेत ते बघून ठेवा.

लॅमिनाचं (मणक्याच्या मागच्या कमानीचं) काढलेलं हाड कचऱ्यात टाकणाऱ्यांवर मी ओरडतो. मांस साफ करून, बारीक तुकडे करून, ओल्या गॉजमध्ये झाकून ठेवा. मणके जुळावेत म्हणून भरायचं हाड, म्हणजे ग्राफ्ट, तेच आहे. स्क्रू-रॉडचं काम हाड जुळेपर्यंत धरून ठेवण्याचं. जुळलंच नाही तर आज ना उद्या स्क्रू सैल होतो किंवा रॉड तुटते.

आणि प्री-ऑपला तंबाखूचं विचाराल तेव्हा नीट विचारा, निकोटीनने हाड जुळायला अडतं. "तंबाखू खाता का?" म्हटलं की आजी ठामपणे नाही म्हणतात. मिश्री लावता का, असं विचारा.